पाच मोजेपर्यंत हात

आमच्या मामांनी आयुष्यात थर्मामीटर विकत घेतला नाही. त्यांच्याकडं उजवा तळहात होता. चालू मोटरच्या अंगावर तो सपाट ठेवायचा, डोळे मिटायचे आणि तेलुगूत मोजायचं. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू. पाचापर्यंत हात टिकला तर मोटर ठणठणीत. तीनाला उचलावा लागला तर आजारी. आणि ठेवल्या ठेवल्या उचलावा लागला तर मामा मोटरच्या मालकाकडं वळून गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "डॉक्टर नको आता. चार माणसं बोलवा."

पाचाच्या पुढं मात्र ते कधी मोजत नसत. मी एकदा विचारलं, सहा का नाही? तर म्हणाले, "पाचापर्यंत टिकला तो बरा हाय. बऱ्या माणसाला आणि किती तपासायचं?"

मामा म्हणजे माझे नात्याचे कुणी नव्हेत. सोलापूरचा सगळा पूर्व भाग त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही. धंदा मोटर वाइंडिंगचा. जळालेल्या मोटरमधली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी भरायची. घराणं विणकरांचं, त्यामुळं घरात मामींशी तेलुगू, हमालांशी दखनी, आणि माझ्याशी त्यांचं स्वतःचं मराठी. ह्या मराठीत मोटर पुरुष होता. मोटर आला, मोटर तापला, मोटर रुसला. पहिल्या महिन्यात मी दोनदा चूक काढली. तेव्हा म्हणाले, "तू एक मोटर भरून दाव पयलं. मग मला शिकव." मी गप्प बसले. मी सहसा गप्प बसणारी बाई नव्हे, पण मोटर भरणं मला येत नव्हतं, हेही खरंच होतं.

मी इंजिनिअर. पुण्यात एका कंपनीत गारेगार खोलीत बसून मोटरी कशा थंड ठेवाव्यात याची गणितं मांडायचे. एक दिवस माझंच डोकं तापलं आणि नोकरी सोडून सोलापूरला आले. बॅटरीवर चालणारी मालाची तीनचाकी करायची, आणि ती आपल्या उन्हात चालवून दाखवायची, असं ठरवलं. आमचे बाबा इथंच, जुळ्या सोलापुरात राहतात, आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "दोन वर्षं बघ. नाही जमलं तर मुकाट्यानं पुण्याला परत." मी हो म्हटलं. मला पुण्याला परत जायचं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

जागा शोधत मामांच्या शेडमध्ये पोचले. पूर्वी तिथं यंत्रमाग होते. माग गेले, अर्धी शेड रिकामी पडली, उरलेल्या अर्ध्या भागात मामा आणि त्यांच्या मोटरी. मी म्हटलं, गाडी बनवायचीय, जागा देता का? घरमालक सहसा विचारतात त्यातलं एकही त्यांनी विचारलं नाही. लग्न झालंय का नाही, आडनाव काय, काही नाही. त्यांनी एकच विचारलं, "तुझ्या गाडीत वाइंडिंग कुटल्या तारेचं?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, एक बाक सरकवला आणि झाडू माझ्या हातात दिला. एवढाच आमचा भाडेकरार.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. कुणी जळकी मोटर आणली की आधी नाकाला लावायचे. "हा रिक्षावाला चार सीट जास्त बसवत होता," किंवा "हा बंद पडला तरी तू दामटत राहिलास, व्हय की न्हाय?" समोरचा माणूस मान खाली घालायचा. तळहात तर कुठंही जायचा. भिंतीला, नातवाच्या कपाळाला, नव्या सायकलच्या सीटला. एकदा वीजबिल जास्त आलं म्हणून भांडायला आलेल्या शेजाऱ्याच्या टाळूवर त्यांनी हात ठेवला, तीनापर्यंत मोजलं आणि म्हणाले, "पाणी पी आदी." तो बिचारा हसायलाच लागला.

आणि चहा! मामी स्टीलच्या पेल्यातून उकळता चहा आणायच्या. मी ओढणी गुंडाळून, फुंकर घालून, हाश हूश करत तो पेला धरायचे. मामा सरळ मुठीत घ्यायचे, जसा काही थंड ताकाचा. "चाळीस वर्षांचा सराव हाय," असं म्हणायचे. मला कौतुक वाटायचं. येईल जाईल त्याला मी ते कौतुकानं सांगायचे.

माझ्याकडं तापमान मोजायची बंदूक होती. लांबून रोखायची, घोडा दाबायचा, आकडा येतो. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या मोटरवर ती रोखली तर आकडा अगदी सभ्य आला. मामांनी हात ठेवला आणि रेंडूलाच उचलला. "तुझी बंदूक खोटी." मी तावातावानं भांडले. मग शिकलेलं एक आठवलं. चकचकीत अॅल्युमिनिअमवर ही बंदूक फसते, तापलेलं असलं तरी थंड दाखवते. काळी टेप चिकटवून पुन्हा मोजलं. हात खरा होता. त्यानंतर दोन महिने मामांनी पूर्व भागात एक माणूस शिल्लक ठेवला नाही ज्याला ही गोष्ट सांगितली नाही. त्या दिवसापासून शेडमध्ये एक रीतच पडली. मामांचा हात फिरल्यावर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लावला तर तो अपमान.

तेलाचं प्रकरण ह्याच मोटरपासून सुरू झालं. गाडीची मोटर आतून तापते, तारांच्या गुंडाळ्यांत. बाहेरून कितीही वारा घाला, आतपर्यंत पोचत नाही, आणि सोलापूरच्या वैशाखात तर वाराच भट्टीतला. म्हणून तेल थेट आत, तारांवर सोडायचं. तेलातून वीज जात नाही, ते तारेला बिनधोक भिजवतं, उष्णता घेऊन बाहेर येतं, रेडिएटरच्या जाळीत निवतं आणि छोट्या पंपानं परत आत जातं. मोठ्या गाड्यांत हे करतात. मला ते लहान गाडीत करायचं होतं.

मी काय केलं, मोटर गळ्यापर्यंत तेलानं भरली. कागदावर सगळं बरोबर होतं. चालू केली तर आत फेस, बाहेर घुर्र घुर्र आवाज, आणि गाडी निम्म्या वाटेतच बॅटरी संपवून बसली. मामांनी झाकण उघडून आत बघितलं.

"लोणचं घातलंस व्हय गं?"

मला राग आला. "मग काय करू?"

"आंगोळ घाल की त्याला. बुडवून का मारतीस? फिरणाऱ्याच्या पायात तेल साचलं तर त्यानं फिरायचं का पोहायचं?"

मग आम्ही दोघांनी मिळून पितळी नळी वाकवली, तिला चार बारीक भोकं पाडली. तारांच्या गुंडाळ्या मोटरच्या दोन्ही टोकांना बाहेर डोकावतात, त्या सगळ्यात जास्त तापतात. ह्या टोकाला दोन धारा, त्या टोकाला दोन धारा. तेल वरून पडणार, तारा धुऊन खाली तळाशी जमणार, तिथून पंप उचलणार. माझी गणितं आणि मामांचं आंघोळीचं पाणी, दोन्ही एका जागी आलं. तो दिवस आठवला की अजून मजा वाटते.

कुठलं तेल घालायचं ह्यावर मामांनी खिडकीत बाटल्यांची रांग लावली. जॅमच्या, मधाच्या, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. प्रत्येकीत वेगळं तेल आणि त्यात तांब्याच्या तारेचा तुकडा. दिवसभर पत्र्याखालच्या उन्हात तापायच्या. गिअरच्या तेलातला तुकडा पंधरा दिवसांत काळा पडला. "हे तेल तांबं खातंय," म्हणून ती बाटली बाद. अशा एकेक बाद करत एक उरली. मोठ्या प्रयोगशाळांत हीच परीक्षा घेतात, मी पुस्तकात वाचली होती. मामांनी वाचली नव्हती. गल्लीतल्या लोकांना मात्र वाटलं, मामा औषध बनवतायत. समोरच्या आजीबाई चार नंबरच्या बाटलीतलं तेल वाटीभर घेऊन गेल्या आणि गुडघे मोकळे झाले म्हणून पेढे देऊन गेल्या. मामांनी पेढे खाल्ले. चार नंबरचं तेल त्याआधीच नापास झालेलं होतं.

मामा-मामी आता मुलीकडं हैदराबादला राहायला गेलेत. जाताना सगळं सामान नेलं, बाटल्या तेवढ्या मला दिल्या.

पण हे पुढचं झालं. दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा एकच गिऱ्हाईक दारात आलं होतं. भाकरीवाल्या अक्का. मूळच्या मंगळवेढ्याकडच्या, होटगी रोडला चाळीस बायका घेऊन कडक भाकरी भाजायच्या आणि दुपारी शहरभर दुकानांत पोचवायच्या. त्यांनी माझ्या गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"बाई, मला मोटरीतलं काय बी कळत न्हाय. माजा माल बाराच्या उनात निगतो. होटगी रोडवरनं जुळं सोलापूर, सात रस्ता, आणि मग नवी पेठ. भरलेली गाडी मदी न थांबता पोचली, तर सा गाड्या तुमच्याकडनं घेते. थांबली, तर आमचा जुना टेंपो काय वाईट हाय?"

सहा गाड्या म्हणजे माझं सोलापूर. नाही मिळाल्या तर पुण्याची बस. इतकं सरळ होतं ते.

चाचणीच्या सकाळी गाडी स्टँडवर चढवून तासभर मोटर चालवली. बंदुकीनं काळ्या टेपवर ऐंशीच्या वर आकडा दाखवला. इतक्या तापलेल्या मोटरवर हात तीनापर्यंतही टिकत नाही. मामांनी हात ठेवला, डोळे मिटले. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू. शांतपणे हात उचलला. "ठणठणीत. तुझी बंदूक खोटी."

मी बंदूक खणात टाकली. पुण्यात शिकलेली, यंत्रानं दाखवलेला आकडा डोळ्यांनी बघितलेली बाई, मी हातावर विश्वास ठेवला. आणि स्वतःचा हात लावून बघितला नाही, कारण ती रीत नव्हती.

सात रस्त्याच्या जरा पुढं गाडी थांबली. मोटर जळू नये म्हणून कंट्रोलरनंच वीज तोडली. मागं रिक्षांचे हॉर्न, वर ऊन, शेजारी अक्का आणि पाठीमागं अकराशे भाकरी. मला रस्त्यानं पोटात घ्यावं असं झालं. अक्का खाली उतरल्या, पदर डोक्यावर घेतला.

"भाकरी कडक हाय म्हून बरं. मऊ असती तर उनात इटून गेली असती." मग माझं तोंड बघून जरा नरमल्या. "येत्या शनवारी आनी एकदा. लेकीसारकी हाईस म्हून. मग न्हाय."

दुसऱ्या दिवशी मामींनी मला घरात बोलावलं. मामा भिंतीकडं तोंड करून बसले होते. मामींनी त्यांचा उजवा हात ओढून माझ्यापुढं धरला. तळहातावर मोठाले फोड.

"बघ की. ह्यांना कळलंच नाही. जेवताना भाताचा घास घ्यायला गेले तेव्हा मी बघितलं. शुगरनं बोटं बधिर होतात, डॉक्टरनी गेल्या वर्षीच सांगितलंय. मला म्हणाले, शेडमध्ये कुणाला बोलायचं नाही."

मला तो चहाचा पेला आठवला. वर्षभर मी ज्याचं कौतुक सांगत फिरत होते ते काय होतं, ते तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं मला. स्वतःची लाजही वाटली.

मामा म्हणाले, "हात गेला की वाइंडर गेला. तू दुसरीकडं जागा बघ." आणि पुढचे तीन दिवस त्यांनी शेडचं तोंड बघितलं नाही. गिऱ्हाइकं यायची, मोटरी ठेवून जायची. शेडमध्ये इतकी शांतता होती की मला कामच सुचेना. तेल बदललं, पंप बदलला, जाळी बदलली. मोटर तापतेच आहे.

गुरुवारी माझा पारा चढला. सरळ घरात शिरले.

"मामा, पुरे झालं! परवा अक्का येणार आहेत. मोटर का तापतेय ते मला अजून सापडलेलं नाही. मला पुण्याला परत जायचं नाहीये, आणि तुम्ही इथं भिंत बघत बसलाय! हात गेला असेल, कान आहेत ना जागेवर?"

मामी दारात तोंडाला पदर लावून उभ्या. मामांनी तोंड भिंतीकडून माझ्याकडं वळवलं. मग म्हणाले, "कानाला काय धाड भरलीय?"

उठले. शेडमध्ये येऊन लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक मोटरच्या अंगावर टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला लावली, डॉक्टर नळी लावतात तशी. डोळे मिटले. मी मोटर चालू केली. ते टोक इकडून तिकडं सरकवत राहिले.

"पंप चाललाय. हितं एक धार. हितं दुसरी. आता तिकडं... तिकडं एकच हाय." पुन्हा ऐकलं. "चौथी मुकी हाय. उघड."

उघडलं. चौथ्या भोकात सुताची बारीक गुठळी अडकलेली. सोलापुरात कुठल्याही गॅरेजात हात पुसायला फडकं नसतं, मागावरचं सुताचं वेस्ट असतं, मूठभर उचलायचं आणि पुसायचं. चाचणीआधी नळी परत बसवताना मीच तिची तोंडं त्या वेस्टनं पुसली होती. इतकी निगुतीनं पुसली होती की मला स्वतःचाच अभिमान वाटला होता. कप्पाळ माझं!

मामांनी चिमट्यानं ती गुठळी उजेडात धरली. आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसले. नुसते हसले नाहीत, बाकावर बसून, गुडघ्यावर थापा मारून हसले.

"सुतानं सगळ्या सोलापूरला जेवू घातलं, आणि तुझी गाडी तेवढी अडवली! म्हणजे मोटर तापवलास तू. आणि तापलेला कळला न्हाय मला. झालं की फिट्टंफाट!"

त्याच संध्याकाळी त्यांनी नवी व्यवस्था लावली. "हात तुझा. मोजणी माझी." माझा हात पहिल्यांदा ओकटीलाच उडाला. "हा काय हात हाय? लॅपटॉपवाला हात." मग शुक्रवारभर मला शिकवलं. तळहात सपाट ठेवायचा, बोटं उचललेली, चटका बसायची वाट बघायची नाही, त्याच्या आधी कळलं पाहिजे. मी वैतागले, पण शिकले. आणि ह्या वेळी खणातली बंदूकही बाहेर काढली. मामांनी ती बघून न बघितल्यासारखं केलं.

शनिवारी बाराला निघालो. मी चालवत, शेजारी अक्का, आणि मामा हट्टानं मागं, भाकरीच्या खोक्यांमध्ये, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन. जुळ्या सोलापुरात चार दुकानांना माल उतरवला. सात रस्त्याला सिग्नल लागला. जिथं गाडी बंद पडली होती ती जागा आली तेव्हा माझा वेग आपोआप कमी झाला. मागून मामांचा आवाज आला, "चारी धारा वाजतायत! जा की, बघतीस काय!"

नव्या पेठेत शिरलो तेव्हा गर्दीत गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. मोटरला सगळ्यात जड हेच जातं. पण थांबली नाही. दुकानापुढं गाडी लावली.

अक्का उतरल्या. "थांबा. पोचली ती दिसतीया. पर तापली का न्हाय, ते मला दावा."

मी रस्त्यावर गुडघे टेकले आणि मोटरवर हात ठेवला. मामा शेजारी उभे राहिले, डोळे मिटले. ओकटी. रेंडू. मूडू. कापडवाल्यांचे नोकर दारात येऊन बघायला लागले. नालुगू. ऐदू. मी सवयीनं हात उचलायला गेले.

"ठेव," मामा म्हणाले. आणि पुढं मोजायला लागले. "आरू. येडू. एनिमिदी. तोम्मिदी."

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून पाचाच्या पुढचा आकडा मी ऐकला नव्हता. "पदी," असं दहाला येऊन ते थांबले, आणि मी भर नव्या पेठेत रडायला लागले. हात तसाच मोटरवर.

"मामा, ह्यो कंच्या देवाचा मंतर म्हनलासा?" अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "रडतीस काय गं? सा गाड्या करायच्या हाईत. दिवाळीच्या आत पायजेत मला."

मी मान हलवली. मामा माझ्याजवळ उकिडवे बसले. स्वतःचा पट्टी बांधलेला हात पुढं केला, मोटरपासून बोटभर अंतरावर थांबवला आणि मागं घेतला.

"हाताला कसा लागतोय?"

"कोमट."

"मग उचल की आता," मामा म्हणाले. "बऱ्या माणसाला आणि किती तपासायचं?"